स्पार्क मशीनवरील फ्लशिंग आणि इलेक्ट्रोड थंड ठेवणे : तयारी, कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या टूलरूममध्ये कॅव्हिटीच्या, म्हणजे साच्यातील पोकळीच्या, तळाशी काळा खड्डा दिसला, की ऑपरेटरचा हात सर्वांत आधी फ्लशिंगच्या (तेल सोडून कचरा धुऊन काढण्याच्या) वाल्वकडे जातो आणि प्रेशर वाढवले जाते. त्यानंतर काही मिनिटे मीटरची सुई शांत राहते, मग पुन्हा आर्किंग सुरू होते, आणि शेवटी दोष तेलावर, इलेक्ट्रोडच्या तांब्यावर किंवा मशीनच्या जनरेटरवर टाकला जातो. प्रत्यक्षात अशा बहुतेक कामांत तेल कमी पडलेले नसते. आत गेलेल्या तेलाला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते. तेल किती जोराने आत जाते यापेक्षा ते कचरा घेऊन कुठून बाहेर पडते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर मशीन सुरू करण्याआधी द्यावे लागते. पुढील सर्व विवेचन तेलात चालणाऱ्या सिंकर मशीनपुरते, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘स्पार्क’ म्हणतो त्यापुरते आहे. त्यात आकार दिलेला इलेक्ट्रोड स्पार्कने धातू काढत जॉबमध्ये, म्हणजे कामाच्या तुकड्यात, उतरत जातो. पाण्यावर चालणाऱ्या वायरकटचे नियम वेगळे आहेत.

गॅपमध्ये काय घडते, तेवढे आधी स्पष्ट असावे. प्रत्येक स्पार्क जॉबवरील एक सूक्ष्म ठिपका वितळवतो, वितळलेला धातू तेलात पडताच गोठून बारीक गोळ्या होतो, आणि स्पार्कच्या उष्णतेने तेलाचेही विघटन होऊन काजळी व वायू तयार होतात. हे सगळे इलेक्ट्रोड आणि जॉब यांच्यातील मिलिमीटरच्या काही शतांश जागेत साचते. ऑफ टाइममध्ये, म्हणजे दोन स्पार्कमधील विरामात, तेलाने पुन्हा रोधक व्हायचे असते, म्हणजे पुढचा स्पार्क दुसऱ्या ठिकाणी पडतो. कचरा तिथेच राहिला, तर पुढचा स्पार्क त्याच जागी पडतो, त्यानंतरचाही तिथेच पडतो, आणि सुटे सुटे स्पार्क न राहता एक सलग आर्क होतो. जॉबवर खड्डा आणि इलेक्ट्रोडवर त्याच जागी कार्बनचा मस, ही जोडी दिसली की असे घडल्याचे निश्चित समजावे.

## टप्पा १ : इलेक्ट्रोड बनवण्याआधी तेलाची वाट ठरवणे

इलेक्ट्रोडचे ड्रॉइंग हातात आले, की त्यावर पेन्सिलने दोन बाण काढावेत. एक तेल आत येण्याचा आणि दुसरा बाहेर जाण्याचा. दुसरा बाण काढता आला नाही, तर ते ड्रॉइंग अजून पूर्ण झालेले नाही.

पहिला पर्याय जॉबमध्येच शोधावा. इजेक्टर पिनची, कोअर पिनची किंवा इन्सर्टची छिद्रे शेवटी होणारच असतील, तर ती स्पार्कच्या आधी करून घ्यावीत आणि जॉब फ्लशिंग पॉटवर ठेवून तेल खालून द्यावे किंवा खालून ओढावे. आपल्याकडे पिनची छिद्रे हार्डनिंगनंतरसाठी शिल्लक ठेवण्याची सवय आहे. पूर्ण मापाची नकोत, पण लहान पायलट छिद्रे तरी आधी झाली, तर स्पार्कचे निम्मे कष्ट वाचतात.

दुसरा पर्याय इलेक्ट्रोडमधून छिद्र घेण्याचा. दीड ते तीन मिलिमीटरचे छिद्र बहुतेक मध्यम आकाराच्या कामांना पुरते. छिद्राखालच्या धातूवर स्पार्क पडत नसल्यामुळे तिथे खुंट उभा राहतो, हे विसरू नये. खुंट बारीक आणि लांब असेल तर तो वाकून छिद्राच्या भिंतीला टेकतो आणि शॉर्ट होतो. म्हणून खोल कामात छिद्र किंचित तिरपे घ्यावे किंवा ऑर्बिट (इलेक्ट्रोडची लहान गोलाकार हालचाल) द्यावे, म्हणजे खुंट आपोआप कापला जातो. तसे जमत नसेल, तर रफिंगनंतर छिद्र नसलेल्या फिनिशिंग इलेक्ट्रोडने तो काढण्याचे नियोजन आधीच करावे. मोठ्या तळाच्या इलेक्ट्रोडला मधोमध एकच मोठे छिद्र देण्यापेक्षा चार-पाच लहान छिद्रे पसरून द्यावीत. एका छिद्रातून आलेले तेल सर्वांत जवळच्या काठाने निघून जाते आणि दूरचा कोपरा कोरडाच राहतो.

तिसरी स्थिती अरुंद रिबची, म्हणजे पातळ आणि खोल खाचेची. तिथे छिद्राला जागाच नसते, तेव्हा जंप (इलेक्ट्रोड ठरावीक वेळाने वर उचलणे) आणि बाजूचा जेट यांवरच काम निभवावे लागते. त्याचे सविस्तर विवेचन टप्पा ४ मध्ये येईल.

इशारा : इलेक्ट्रोडच्या तळाला पोकळी, घुमट किंवा कप असेल, तर त्या पोकळीच्या सर्वांत उंच जागी वायू निघण्याचे छिद्र द्यावेच. वायू तिथे साचून पेटला, तर दबका धमाका होतो आणि इलेक्ट्रोड होल्डरमध्ये सरकतो. बाहेरून काहीच तुटलेले दिसत नाही, म्हणून काम तसेच पुढे चालवले जाते आणि शून्य बिंदू, म्हणजे जिथून खोली मोजतो ती जागा, हरवल्याचे जॉब मोजताना कळते.

तपासणी : इलेक्ट्रोड होल्डरला बसवल्यावर, टाकी भरण्याआधी, हवेतच फ्लशिंग सुरू करून पाहावे. प्रत्येक छिद्रातून सारखी धार पडली पाहिजे. एका छिद्राची धार बारीक असेल, तर आत ड्रिलची चिप किंवा बर अडकलेली असते.

## टप्पा २ : तेल, फिल्टर आणि टाकी

फिल्टरचा गेज रोज शिफ्टच्या सुरुवातीला पाहावा आणि मशीनवर सांगितलेल्या मर्यादेपर्यंत दाब चढला की कार्ट्रिज बदलावे. तुंबलेले कार्ट्रिज हवेने झटकून परत बसवण्याची पद्धत थांबवावी. त्यामुळे कागद फाटतो आणि मधल्या काळात साठलेला सगळा गाळ थेट गॅपमध्ये जातो. टाकीच्या तळाचा गाळ महिनोन्महिने तसाच राहिला, तर नवे फिल्टरही लवकर भरतात, म्हणून फिल्टर बदलताना तळही उपसून स्वच्छ करावा.

तेलाची पातळी स्पार्कच्या जागेपेक्षा किमान ४० ते ५० मिलिमीटर वर असावी, आणि करंट जास्त असेल तर त्याहून वर. ही पातळी आगीपासून संरक्षणासाठी आहे. गरम वायूचे बुडबुडे तेवढ्या तेलातून वर येताना थंड होतात. पातळी कमी असेल, तर ते पृष्ठभागावर जळतात. तेलाची पातळी घटली की मशीन थांबवणाऱ्या फ्लोट स्विचला तार बांधून किंवा कागदाचा बोळा लावून तो निकामी केलेला मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. असे मशीन सुरू करू नये, मग काम कितीही घाईचे असो.

केरोसीनबाबत स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. काही लहान टूलरूममध्ये स्वस्त पडते म्हणून अजूनही ते टाकीत भरले जाते. केरोसीनचा फ्लॅश पॉइंट ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकतो, आणि मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमधील हवाच त्याहून अधिक तापलेली असते. म्हणजे स्पार्क पडण्याआधीच टाकीवर पेट घेऊ शकणारी वाफ तरंगत असते. स्पार्कसाठी बनवलेल्या तेलाचा फ्लॅश पॉइंट यापेक्षा बराच वर असतो. खरेदी करताना माहितीपत्रकावरील तो आकडा पाहूनच तेल घ्यावे. मशीनजवळ कार्बन डायऑक्साइडचा किंवा फोमचा अग्निशामक असावा. तेलाच्या आगीवर पाणी कधीही टाकू नये.

तेल थंड ठेवण्याची व्यवस्था हा याच टप्प्याचा भाग आहे. शक्य असल्यास तेल २० ते २५ अंशांत ठेवावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते पूर्ण कामभर एकाच तापमानाला ठेवावे. आपल्याकडे चिलर किंवा ऑईल कूलरला बोअरचे पाणी दिले जाते आणि ते बहुधा जड असते, त्यामुळे कॉइलच्या आत क्षार धरतो. बाहेरून चिलर चालू दिसतो, पंखा फिरतो, पण तेल काही थंड होत नाही. कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या तेलाच्या तापमानात फरकच राहिला नाही, तर कॉइल आतून साफ करण्याची वेळ झाली आहे.

## टप्पा ३ : इलेक्ट्रोड पकडणे

इलेक्ट्रोड तापतो तो केवळ स्पार्कच्या बाजूने, असे समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. शँक (इलेक्ट्रोडचा पकडण्याचा दांडा) आणि होल्डर यांच्यामध्ये तेलकट काळा थर असेल, तर करंट काही मोजक्या बिंदूंतूनच जातो आणि तो सांधा तापतो. हात लावण्याआधी मशीन बंद करून, वीजपुरवठा तुटल्याची खात्री करून शँकला स्पर्श करावा. टोकापेक्षा वरचा भाग अधिक गरम लागला, तर दोष फ्लशिंगचा नाही. शँक आणि होल्डरची बैठक बारीक पॉलिश पेपरने साफ करून, पुसून, पुन्हा घट्ट बसवावी. पॉवर केबलचे टोकही त्याच वेळी पाहावे. त्यानंतर डायल लावून इलेक्ट्रोडचा सरळपणा तपासावा आणि फ्लशिंगची नळी इलेक्ट्रोडला ओढत नाही ना, हेही पाहावे, कारण ताठ नळी बारीक इलेक्ट्रोडला सहज वाकवते.

## टप्पा ४ : फ्लशिंगची दिशा आणि दाब

सर्वाधिक जॉब याच टप्प्यावर खराब होतात, म्हणून येथे थोडे थांबून पाहू.

दुचाकीच्या एका प्लॅस्टिक भागाच्या मोल्डमध्ये २२ मिलिमीटर खोल आणि सव्वा मिलिमीटर जाडीची रिब करायची होती. रात्रपाळीत ऑपरेटरने दोन जेट समोरासमोर लावले, दोन्ही वाल्व पूर्ण उघडले, आणि रिबच्या दोन्ही टोकांतून बुडबुडे जोरात निघताना पाहून समाधानाने सोडले. सकाळी इलेक्ट्रोड वर घेतला, तेव्हा दोन्ही टोकांचे काही मिलिमीटर स्वच्छ राखाडी होते आणि बरोबर मध्यावर तांदळाच्या दाण्याएवढा काळा, खडबडीत मस बसलेला होता. नखाने खरवडला तर तो काचेसारखा कडक लागला. जॉबमध्ये त्याच्या अगदी समोर खड्डा होता. दोन्ही बाजूंनी आलेले तेल मध्यावर एकमेकांवर आपटत होते, प्रवाह तिथे थांबत होता, आणि रात्रभर कचरा त्याच जागेवर रचला जात होता. बुडबुडे टोकांवर खरेच निघत होते, पण ते टोकांचेच होते.

यावरून बाजूच्या जेटचे नियम असे घ्यावेत. तेल एकाच बाजूने द्यावे आणि दुसरी बाजू पूर्ण मोकळी सोडावी. रिबमध्ये जेट लांबीच्या दिशेने, गॅपमध्ये किंचित खाली झुकवून लावावा. जाडीच्या दिशेने, म्हणजे इलेक्ट्रोडच्या रुंद तोंडावर कधीही मारू नये, कारण पातळ पाते दाबाने एका भिंतीकडे झुकते आणि रिब तिरपी होते. जेटचे तोंड तेलात बुडालेले असावे. ते वर राहिले, तर धारेबरोबर हवा आत ओढली जाते, आणि गॅपमध्ये हवा गेल्यास स्पार्क अस्थिर होतो, आगीचा धोकाही वाढतो.

इलेक्ट्रोडच्या किंवा जॉबच्या छिद्रातून तेल देताना ०.२ ते ०.४ बार इतका दाब बहुतेक कामांना पुरतो. लहान तळाच्या आणि फिनिशिंगच्या कामात तो आणखी कमी ठेवावा. जास्त दाब म्हणजे जास्त सफाई, ही समजूत चुकीची आहे. रफिंगमध्ये इलेक्ट्रोडच्या तोंडावर कार्बनचा एक पातळ थर बसतो आणि तो इलेक्ट्रोडची झीज रोखतो. जोरदार प्रवाह हा थर धुऊन टाकतो, मग छिद्राभोवतीच्या कडा झिजतात आणि कोपऱ्यांचे माप जाते. शिवाय गॅपमध्ये अगदी स्वच्छ तेल असेल, तर स्पार्क सुरू होण्यासच अडचण येते. थोडा कचरा तिथे हवाच असतो. काढायचा असतो तो साचलेला कचरा.

भिंती सरळ हव्या असतील, तर दाबाऐवजी सक्शनचा विचार करावा. दाबाने दिलेले तेल कचरा घेऊन भिंतींच्या कडेने वर चढते, वाटेत त्या कणांमुळे बाजूला स्पार्क पडतात आणि कॅव्हिटी वर रुंद, खाली अरुंद होते. सक्शनमध्ये स्वच्छ तेल भिंतींवरून खाली येते आणि कचरा छिद्रातून निघतो, त्यामुळे उतार फारसा येत नाही. मात्र सक्शन खूप वाढवला, तर वायू इलेक्ट्रोडखाली अडकू शकतो आणि मोठ्या इलेक्ट्रोडवर ओढ येऊन तो जागेवरून हलतो. म्हणून व्हॅक्यूम माफक ठेवावा आणि जंप चालू ठेवावा.

जंप किती द्यावा? आडात पोहरा जिथल्या तिथे हलवत राहिले, तर पाणी वर येत नाही, तळचा गाळ मात्र ढवळला जातो. अर्धा मिलिमीटरचा जंप खोल रिबमध्ये नेमके हेच करतो : तेच घाणेरडे तेल थोडे वर जाते आणि परत खाली येते. खोली वाढेल तशी उचल वाढवावी. २० मिलिमीटर खोल अरुंद रिबमध्ये काही मिलिमीटरची, आणि मशीनला वेग असेल तर रिबच्या जवळजवळ पूर्ण खोलीएवढी उचल द्यावी. वर जाताना इलेक्ट्रोड स्वच्छ तेल आत ओढतो आणि खाली येताना घाण बाहेर ढकलतो, शिवाय वर असलेल्या काळात तो स्वतः थंड होतो. याउलट मोठ्या सपाट तळाचा इलेक्ट्रोड वेगाने उचलला, तर खालून जबर ओढ येऊन होल्डर हलतो. तिथे उचल ठेवावी, पण वेग कमी करावा. ज्या मशीनवर इलेक्ट्रोड वर असतानाच जेट सुरू होण्याची सोय आहे, तिथे पातळ रिबसाठी ती अवश्य वापरावी.

## टप्पा ५ : सुरुवात

पहिल्या स्पर्शात इलेक्ट्रोडचा फक्त एखादा कोपरा किंवा उंचवटा जॉबसमोर असतो. पूर्ण तळाच्या हिशेबाने लावलेला करंट त्या लहानशा जागेत गेला, तर कितीही फ्लशिंग असले, तरी ती जागा तापतेच. तांब्याच्या इलेक्ट्रोडवर रफिंगसाठी प्रति चौरस सेंटीमीटर १० अँपिअरच्या आसपासची मर्यादा धरावी, आणि ती प्रत्यक्ष समोर असलेल्या क्षेत्रफळावर मोजावी. लहान क्षेत्रफळावर याहूनही कमी घ्यावा. पूर्ण तळ कामात आल्यानंतरच करंट टप्प्याटप्प्याने वाढवावा.

तपासणी : पहिल्या पाच मिनिटांनंतर मशीन थांबवून इलेक्ट्रोड वर घ्यावा. तोंडावर एकसारखा राखाडी-काळा रंग दिसला पाहिजे. एखादा भाग चकचकीत राहिला असेल, तर तिथे काम झालेले नाही. एखादा ठिपका गडद आणि उंच असेल, तर तिथे तेल पोहोचत नाही. या वेळी दुरुस्ती दहा मिनिटांची असते.

## टप्पा ६ : काम चालू असताना

कान आणि डोळे दोन्ही कामावर हवेत. चांगला स्पार्क एकसारखा तडतडतो. आर्किंगचा आवाज जाड, ओढल्यासारखा येतो, आणि बुडबुडे एका बाजूने अचानक कमी होतात. व्होल्टमीटरची सुई खाली पडून तिथेच रेंगाळली, तर वाट पाहू नये.

आर्किंग दिसल्यावर दुरुस्तीचा क्रम पाळावा. प्रथम मशीन थांबवून इलेक्ट्रोडचे तोंड पाहावे आणि कार्बनचा मस असेल तर तो पूर्ण घासून काढावा, जॉबमधील खड्ड्यातील कार्बनही ब्रशने काढावा. तो राहिला, तर त्याच जागी पुन्हा आर्क धरतो. नंतर जंपची उचल वाढवावी. त्यानेही भागले नाही, तर ऑफ टाइम वाढवावा, म्हणजे तेलाला सावरायला आणि इलेक्ट्रोडला थंड व्हायला वेळ मिळतो. मग करंट कमी करावा. फ्लशिंगचे प्रेशर सर्वांत शेवटी, आणि तेही थोडेच वाढवावे. हा क्रम उलटा केल्यामुळे वाया गेलेले तांबे मी अनेक वेळा पाहिले आहे.

## टप्पा ७ : फिनिशिंगला जाण्यापूर्वी

रफिंगच्या शेवटी कॅव्हिटीत साचलेला गाळ फिनिशिंगच्या लहान गॅपमध्ये मावत नाही. म्हणून इलेक्ट्रोड पूर्ण वर घ्यावा, कॅव्हिटी हातातील जेटने धुवावी, कोपरे ब्रशने साफ करावेत आणि मग फिनिशिंगचा इलेक्ट्रोड लावावा.

त्याआधी तेल, जॉब आणि नवा इलेक्ट्रोड यांना एकाच तापमानाला येऊ द्यावे. १०० मिलिमीटर लांबीचा तांब्याचा इलेक्ट्रोड १० अंशांनी तापला, तर तो साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतो, आणि तेवढ्याच लांबीचे स्टील ०.०१२ मिलिमीटर वाढते. फिनिशिंगमध्ये आपण ज्या मापासाठी झगडतो, त्या मापाच्या तुलनेत हा फरक लहान नाही. दुपारी तापलेल्या तेलात शून्य घेऊन रात्री थंड तेलात खोली गाठली, तर कॅव्हिटी कमी खोल का निघाली, याचा शोध मशीनच्या स्केलमध्ये घेण्यात अर्थ नसतो. फिनिशिंगपूर्वी शून्य पुन्हा घ्यावे.

## टप्पा ८ : लाईट गेली, तर

पुरवठा खंडित झाला की पंप थांबतो आणि तेलात तरंगणारा सगळा कचरा कॅव्हिटीच्या तळाशी बसतो. इलेक्ट्रोड बहुधा खालीच अडकलेला असतो. लाईट आल्यावर तिथूनच स्पार्क सुरू करणे ही या भागात सर्वांत जास्त होणारी चूक आहे, कारण पहिला स्पार्क थेट गाळातून पडतो.

अशा वेळी प्रथम स्पार्क बंद ठेवून फक्त पंप सुरू करावा आणि फिल्टरमधून तेल काही वेळ फिरू द्यावे. नंतर इलेक्ट्रोड हळूहळू पूर्ण वर घ्यावा, कॅव्हिटी धुवावी, तोंड तपासावे, तेलाची पातळी आणि तापमान पाहावे. चिलरही बंद पडलेला असतो, त्यामुळे तेल पुन्हा स्थिर तापमानाला येईपर्यंत फिनिशिंगचे काम सुरू करू नये. शेवटी संदर्भ बिंदूवर शून्य पडताळून, आधी नोंदवलेल्या खोलीच्या अर्धा मिलिमीटर वरून, कमी करंटवर खाली यावे आणि सुई स्थिर झाल्यावरच पूर्वीची सेटिंग लावावी. यासाठी चालू खोली दर तासाला वहीत लिहून ठेवलेली असली पाहिजे.